दोन क्लोरीन

सायलीनं फळ्यावरचं उणे चिन्ह तळहातानं पुसून टाकलं, तेव्हा धर्मराज सरांचा खडू धरलेला हात अजून फळ्याजवळच होता. मुली वहीत मान घालून बसल्या होत्या त्या वर बघू लागल्या. मागच्या बाकावर मोबाईल बघणाऱ्या पोरांनीही माना उचलल्या.

"पुसायला कुणी सांगितलं तुला?" सरांनी विचारलं.

"हिशेब जुळत नाही, सर."

फळ्यावर ब्लीचिंग पावडरचं सूत्र होतं. एक कॅल्शियम, एक ऑक्सिजन आणि दोन क्लोरीन. ते सूत्र त्या दिवशीच्या धड्यात नव्हतं. सायलीनंच उभं राहून विचारलं होतं, की यातल्या क्लोरीनचं काय, आणि सरांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत दोन्ही क्लोरीनच्या डोक्यावर उणे एक लिहून विषय मिटवला होता. आता तिनं त्यांच्या हाताजवळचा दुसरा खडू उचलला.

"कॅल्शियम अधिक दोन. ऑक्सिजन उणे दोन. या दोघांचीच बेरीज शून्य झाली. सगळ्या संयुगाची बेरीज शून्य यायला पाहिजे, हे तुम्हीच शिकवलं. मग हे दोन्ही क्लोरीन उणे एक कसे? हे जास्तीचे उणे दोन कुठून आले?"

कुणीतरी हसलं. सरांच्या मानेवर लाली चढली. वडगावपासून धारूरपर्यंतची पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि आजवर त्यांचा फळा दुसऱ्या कुणी पुसला नव्हता.

"परीक्षेत हे येत नाही. जागेवर बस."

"मला परीक्षेसाठी नको, सर."

"मग बाहेर जा."

सायली खडू ठेवून बाहेर गेली. दप्तर तसंच बाकावर राहिलं. व्हरांड्याच्या टोकाला मुलींचं स्वच्छतागृह होतं, त्याच्या दाराला आता नवंकोरं कुलूप होतं. तिनं पांढरा झालेला तळहात पंजाबी ड्रेसला पुसला आणि त्या कुलपाकडे बघत तास संपेपर्यंत उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. दातांवर दात दाबून धरल्यानं कानशिलं मात्र दुखायला लागली होती.

पंधरवड्यापूर्वी त्याच दारातून तिच्या आईला उचलून बाहेर काढलं होतं.

खडकगव्हाणच्या त्या कॉलेजात तिची आई बबिता झाडलोट करायची. वर्ग, व्हरांडे, दोन्हीकडची स्वच्छतागृहं, सगळं तिच्याकडे. तिचा आवाज गावात ओळखीचा होता. नदीपलीकडे चरणारी म्हैस ती अलीकडच्या काठावरून नाव घेऊन बोलवायची आणि म्हैस यायची. कॉलेजात बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र मिळावं म्हणून त्या दिवशी तपासणीचं पथक येणार होतं. सकाळपासून धावपळ. फरशा चकचकीत पाहिजेत, कुठं वास यायला नको, असा प्राचार्यांचा निरोप होता. बबितानं फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकली, वर ॲसिड ओतलं आणि उकिडवी बसून ब्रशनं घासायला लागली. त्या स्वच्छतागृहाला एक खिडकी होती. पोरं मागून डोकावतात अशी मुलींनी मागच्या वर्षी तक्रार केली, तेव्हा पोरांना कुणी काही बोललं नाही. खिडकीवर पत्रा ठोकून दिला. त्यामुळे पिवळट हिरवा धूर उठला तो तिथंच बसला. बबिता दाराकडे सरकली, पण दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि ती दाराच्या आडवीच पडली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिला नळ्या लावल्या. डॉक्टरांनी वायूची बाधा म्हणून नोंद केली, त्यामुळे पोलीस येऊन विचारून गेले आणि संस्थेला चौकशी नेमावी लागली. पण गावात तोवर दुसरंच बोलणं पसरलं होतं. बाईला आधीपासून दमा होता. दोन्ही सफाईचीच औषधं, दुकानात शेजारीशेजारी ठेवलेली असतात, त्यानं कुणाला काय होतंय? प्राचार्यांनी हे स्टाफरूममध्ये म्हटलं, तिथून ते चहाच्या टपरीवर गेलं आणि टपरीवरून सायलीच्या कानावर आलं.

आईच्या खाटेशी बसून सायलीनं बारावीचं पुस्तक उघडलं ते या एका गोष्टीसाठी. आईला कधीच दमा नव्हता हे तिला माहीत होतं. पण नव्हता म्हणून भागणार नव्हतं. दोन सफाईची औषधं एकत्र आल्यावर विष कसं होतं, हे तिला कुणाच्याही तोंडावर सांगता यायला पाहिजे होतं. ॲसिडमध्ये क्लोरीन होता, पावडरीतही क्लोरीन होता. पुस्तक म्हणत होतं, क्लोरीनला इलेक्ट्रॉनची ओढ मोठी, तो दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि उणे होऊन शांत बसतो. मग दोन्हीकडे शांत बसलेला क्लोरीन मोकळा होऊन तिच्या आईच्या छातीत कसा शिरला? तिनं बेरीज केली तर ती चुकत होती. पुन्हा केली, पुन्हा चुकली. चूक आपली नाही हे तिला कळत होतं. कुठं आहे ते कळत नव्हतं. म्हणून ती वर्गात उभी राहिली होती.

कॉलेज सुटल्यावर ती घरी गेली नाही. प्रयोगशाळेचं दार लोटलेलं होतं. आत धर्मराज सर एकटेच स्टुलावर बसले होते. टेबलावर परीक्षानळ्या पालथ्या घातलेल्या, आणि सर तोंडावर रुमाल धरून खोकत होते. तिला पाहून त्यांनी रुमाल खिशात टाकला.

"दप्तर घ्यायला आलीस?"

"दप्तर घेतलं मी. मला त्या क्लोरीनचं सांगा."

"सांगितलं ना, परीक्षेत..."

"तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा, सर. मी केजला जाऊन दुसऱ्या कुणाला विचारते."

आपण असं बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पण शब्द मागं घ्यावे असं काही वाटलं नाही. सर उठले, भिंतीवरच्या छोट्या काळ्या फळ्यापाशी गेले आणि बाहीनंच तो पुसला.

आणि त्यांनी शिकवलं. वर्गात घसा साफ करत, घड्याळाकडे बघत शिकवणारे सर वेगळे आणि हे वेगळे. त्यांनी आधी आकडे लिहिले. कॅल्शियम एक. हायड्रोजन दोन पूर्णांक वीस. क्लोरीन तीन पूर्णांक सोळा. ऑक्सिजन तीन पूर्णांक चव्वेचाळीस. विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद, एवढं तुला पाठ आहे, असं ते म्हणाले. दोनच मूलद्रव्यं असली की काम सोपं असतं. ज्याचा आकडा मोठा, त्याच्याकडे इलेक्ट्रॉन. मिठात सोडियम आणि क्लोरीन, तिथं क्लोरीन जिंकतो, उणे होतो. मुलं तेवढंच धरून बसतात, की क्लोरीन म्हणजे उणे.

"पण तीन-चार मूलद्रव्यं एका ठिकाणी आली, की नुसता आकडा बघून चालत नाही. आधी बघायचं, कोण कुणाला जोडलेला आहे."

त्यांनी दोन्ही क्लोरीन एकमेकांपासून लांब काढले. एक कॅल्शियमपाशी. कॅल्शियमची पकड ढिली, तेव्हा या क्लोरीननं इलेक्ट्रॉन घेतला, हा उणे एक. दुसरा क्लोरीन मात्र कॅल्शियमला जोडलेलाच नाही. तो ऑक्सिजनला जोडलेला आहे, आणि ऑक्सिजनची ओढ त्याच्याहून जास्त. सगळीकडे घेणारा हा क्लोरीन इथं देऊन बसला आहे.

सरांनी त्याच्या डोक्यावर अधिक चिन्ह काढलं.

"एकाच संयुगात?" सायलीनं विचारलं.

"एकाच संयुगात. कर बेरीज."

तिनं मनात केली. अधिक दोन, उणे दोन, उणे एक, अधिक एक. शून्य. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतल्यासारखं झालं, आणि आई आत्ता कसा श्वास घेते आहे हे आठवून त्याचाच राग आला.

"आणि ॲसिड पडल्यावर?"

सर सांगू लागले. ॲसिडमधला क्लोरीन हायड्रोजनपाशी असतो, तो उणे. ॲसिड पडलं, की ऑक्सिजनची त्या दुसऱ्या क्लोरीनवरची पकड सुटते. त्या क्लोरीनला गेलेला इलेक्ट्रॉन पाहिजेच असतो. तो उणे क्लोरीनकडून घेतो. एकाचं अधिक जातं, एकाचं उणे जातं, दोघं शून्यावर येतात आणि जोडीनं वायू होऊन बाहेर पडतात. हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो.

उकिडवी बसलेली आई सायलीच्या डोळ्यांसमोर आली. तिनं टेबलाची कड धरली.

"एवढं सगळं तुम्हाला येतं," ती म्हणाली, "मग वर्गात दोन्हीकडे उणे कावून लिहिलं?"

'का'साठीचा घरचा शब्द तिच्या तोंडून निसटला. सरांनी तो ऐकला न ऐकल्यासारखं केलं. डस्टर शोधू लागले, ते त्यांच्या हाताशीच होतं.

"आणि ते इतक्या झपाट्यानं झालं," ते फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "कारण ॲसिड घट्ट होतं. दुकानातल्या बाटलीत पातळ केलेलं असतं. त्यानंही वायू होतोच, पण माणसाला उठून बाहेर यायला वेळ तरी..."

त्यांनी डस्टर उचललं.

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवरून काढली. सायली सरांच्या पाठीकडे बघत होती. ॲसिडची बाटली दुकानातलीच होती, असं प्राचार्य म्हणाले होते, शिपाई म्हणाला होता, सगळं गाव म्हणत होतं. ते घट्ट होतं की पातळ, हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

"घट्ट होतं हे तुम्हाला कसं कळलं, सर?"

सर वळले नाहीत. भिंतीच्या कपाटात तपकिरी बाटल्यांची ओळ होती. सायलीनं त्या ओळीकडे बघितलं, तेव्हा त्यांनाही बघावं लागलं.

मग त्यांनी सांगितलं. दुकानातली बाटली आदल्या दिवशीच संपली होती. पथक घाटातून निघाल्याचा फोन आला आणि प्राचार्यांनी बोलावून घेतलं, लॅबमधलं द्या म्हणाले. सरांनी प्लॅस्टिकच्या डब्यात ओतून दिलं. शिपाई मांडव बांधायला गेला होता, म्हणून स्वतःच नेऊन स्वच्छतागृहापाशी ठेवलं. पावडरीचं पोतं दाराशी उघडं होतं. ते त्यांनी बघितलं होतं.

"बघितलं होतं तुम्ही?"

"बघितलं. पण डोक्यात आलं नाही. तासाची वेळ झाली होती."

"आईला काही बोललात?"

"जपून वापरा म्हणालो."

सायलीला वाटलं, टेबलावरच्या सगळ्या परीक्षानळ्या हातानं खाली लोटाव्यात. फुटतील तेवढ्या फुटू द्याव्यात. माणसाला येत नाही असं समजून ती आली होती, आणि येत नसतं तर तिनं त्याला माफही केलं असतं. याला सगळं येत होतं. कोणता क्लोरीन कुणापाशी आहे हे या माणसाला झोपेतही सांगता आलं असतं, आणि तो डबा ठेवून तासाला गेला होता. त्या दिवशी कुठला धडा होता तेही तिला आठवलं. तिच्याच वर्गावर होता तो तास.

"फळ्यावर अधिक लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न मी काय विचारणार, हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून दोन्हीकडे उणे लिहिलं."

सरांना पुन्हा खोकल्याची उबळ आली. ती थांबायची वाट न बघता सायली बाहेर पडली.

घरी आई दारात बसून तूर निवडत होती. दवाखान्यातून आल्यापासून तिला चुलीजवळ बसता येत नव्हतं. बोलताना दोन शब्दांनंतर थांबावं लागे, आणि आवाज असा निघे, की शेजारच्या घरातून कुणी बोलतंय. म्हशीला आणायला आता मुंजाजी जायचे. मुंजाजी म्हणजे सायलीचे वडील. संस्थेचे अध्यक्ष रामकिसन अण्णा यांच्या गाडीवर ते ड्रायव्हर होते.

सायलीनं चप्पल काढता काढताच सगळं सांगितलं. आईनं सुपातले खडे बाजूला करणं थांबवलं नाही.

"डबा लॅबमधला हुता, त्ये म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "सरच ठिवून गेलते."

"मंग बोलली का न्हाईस तू?"

आईनं श्वास घेतला. "सरानंच उचललं मला. दार लोटून आत आलते. तवापासून खोकत्यात."

"ज्यानं ठिवलं त्यानंच उचललं," सायली म्हणाली. "त्यात काय मोठं केलं?"

मुंजाजी आत पाणी पीत होते. तांब्या ठेवून बाहेर आले. अण्णांचा निरोप त्यांच्याकडे दोन दिवसांपासून होता, पण सांगायला तोंड उघडत नव्हतं. आता सांगितला. चौकशीच्या बैठकीत बबितानं म्हणायचं की आधीपासून दमा होता, त्या दिवशी तो वाढला. बाकी काही बोलायचं नाही. काम जाणार नाही, आणि सायलीचं शिक्षणही होईल.

"आणि तुमी काय म्हणलात?" सायलीनं विचारलं.

"मी काय म्हणणार? त्यांच्या गाडीवर हाय मी."

"गाडीवर हाय म्हणून दमा झाला का आईला?"

मुंजाजींचा हात उठल्यासारखा झाला आणि तसाच खाली आला. त्यांनी पोरीवर कधी हात टाकला नव्हता. त्यांचं तोंड बघून सायलीला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ते दावं उचलून म्हशीकडे निघून गेले. आई तूर पाखडायला गेली, पण धुळीनं तिला ठसका लागला. सायलीनं सूप हिसकावून घेतलं आणि स्वतः पाखडायला लागली. इतक्या जोरात, की अर्धी तूर अंगणात सांडली.

"बैठकीत तू काय बोलणार?" तिनं विचारलं.

आई सांडलेली तूर वेचू लागली.

बैठक अध्यक्षांच्या कार्यालयात झाली. काचेचं मोठं टेबल, भिंतीवर सत्कारांचे फोटो, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला बॅनर. रामकिसन अण्णा मधल्या खुर्चीत, त्यांच्या दोन्ही बाजूंना संस्थेचे संचालक. प्राचार्य उजव्या हाताला, धर्मराज सर सगळ्यात कडेला. मुंजाजी दाराशी उभे होते, हातात गाडीची किल्ली. त्यांना बसायला कुणी सांगितलं नाही, आणि ते रोज तिथं तसेच उभे असत. बबिताला मात्र अण्णांनी मुद्दाम खुर्ची द्यायला लावली. सायली तिच्या मागं उभी राहिली.

चहा आला. प्राचार्यांनी झाला प्रकार थोडक्यात मांडला. त्यांचं बोलणं गुळगुळीत होतं. ऐकताना कुणालाही वाटावं, की त्या दिवशी सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं आणि एका बाईची तब्येत अचानक बिघडली. दुर्दैव, असा शब्द त्यांनी वापरला. वापरलेली दोन्ही द्रव्यं सफाईचीच, बाजारात मिळणारी, असंही ते म्हणाले.

"सांग बाई," अण्णा बबिताकडे वळले. आवाज मायेचा होता. "दमा हुता ना तुला आधीपासून?"

बबिताच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. अण्णांनी मुंजाजींकडे बघितलं. मुंजाजींनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"तिला दमा नव्हता," सायली म्हणाली. "तिला क्लोरीन वायू लागला."

प्राचार्य समजूतदारपणे हसले. मुलगी हुशार आहे, पण बारावीचं वय, अर्धवट वाचलेलं डोक्यात असतं, असं ते अण्णांना सांगू लागले. सायलीनं त्यांना संपवू दिलं नाही. तिनं सगळं सांगितलं. पावडरीत दोन क्लोरीन असतात आणि दोन्ही सारखे नसतात. एक कॅल्शियमपाशी, त्याच्याकडे इलेक्ट्रॉन आहे. एक ऑक्सिजनपाशी, त्याचा गेलेला आहे. वर ॲसिड पडलं, की तो दुसरा आपला इलेक्ट्रॉन वसूल करतो आणि वायू सुटतो. यात दम्याचं काही काम नाही. निरोगी माणूसही तिथं पडला असता. संचालकांपैकी एकजण कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. त्याला काही कळलं नसावं, पण पोर पाठ केलेलं बोलत नाही एवढं त्यालाही दिसत होतं.

"आणि ॲसिड दुकानातलं नव्हतं," ती म्हणाली. "लॅबमधलं होतं. घट्ट."

अण्णांनी कपबशी बाजूला सरकवली.

"धर्मराज सर, तुमचा विषय हाय हा. ही म्हणती त्ये खरं का?"

सर उभे राहिले. बसूनही सांगता आलं असतं.

"खरं आहे," ते म्हणाले. "वर्गात मी चुकीचं लिहिलं होतं. तिनं पुसलं ते बरोबर केलं." मग ते बबिताकडे वळले. "बाई, डबा ठेवताना मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

बबितानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. श्वास गोळा करायला तिला वेळ लागला.

"काईच न्हाई. ठिवला अन् गेलात."

सायली सरांकडे बघत होती. ते आता 'जपून वापरा'चं काढतील, मग आई खोटी पडेल, आणि मग आपण काय करू हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिची नखं खुर्चीच्या पाठीत रुतली होती.

"त्या म्हणतात तसंच आहे," सर अण्णांना म्हणाले. "मी काहीच सांगितलं नाही. ॲसिड मी दिलं. पावडरीचं पोतं मी बघितलं होतं. काय होतं ते या गावात फक्त मला माहीत होतं."

ते बसले. रुमाल तोंडावर धरला, पण खोकला आला नाही.

अण्णांनी खुर्चीत पाठ टेकली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला सायलीला स्पष्ट दिसला, आणि त्याचा अर्थ लागायला तिला एक क्षण लागला. अण्णा म्हणाले, सरांनी मोठ्या मनानं कबूल केलं, हे बरं झालं. सर रजेवर जातील. तसंही निवृत्तीला फार दिवस नाहीत. बबिताबाईचं काम आहे तसं राहील. पोरगी हुशार आहे, तिला संस्था पुढं शिकवील. पोलिसांनाही काय सांगायचं ते आता सोपं झालं. दोन्ही संचालकांनी माना हलवल्या. प्राचार्यांनी इतका वेळ न शिवलेला चहा उचलून प्यायला सुरुवात केली.

"झालं मंग," अण्णा म्हणाले. "उठा."

खुर्च्या सरकल्या. मुंजाजींनी दार उघडून धरलं. बबिता टेबलाचा आधार घेत उठली आणि तिनं सायलीचं कोपर धरलं. तिचा हात हलका होता, पण त्यात ओढ होती. आता इथून चल, अशी. सरांनी उठायची घाई केली नाही. ते मान खाली घालून बसले होते, आणि त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

सायली जागची हलली नाही.

ज्या माणसाचा राग घेऊन ती आली होती, त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. राग कमी व्हायला पाहिजे होता. तो तिच्या छातीत होता तसाच होता, फक्त आता तो धर्मराज सरांपाशी थांबत नव्हता. तिनं समोर बघितलं. प्राचार्यांच्या हातातला कप ओठांपाशी होता.

"ॲसिड लॅबमधलं द्या, असं सरांना कुणी सांगितलं?"

कप तिथंच राहिला.

"आता मिटलं ना सगळं," अण्णा म्हणाले. "जा आईला घेऊन. तिला तरास होतोय."

"कुणी सांगितलं?" सायलीनं पुन्हा विचारलं. "आणि खिडकीला पत्रा कुणी ठोकायला लावला?"

अण्णांनी दाराकडे बघितलं. "मुंजाजी, गाडी काढ."

मुंजाजी दार धरून उभेच होते. किल्ली त्यांच्या मुठीत होती. ते बाहेरही गेले नाहीत आणि आतही आले नाहीत.

बबिताचा हात अजून सायलीच्या कोपरावर होता. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा टेबलापलीकडच्या माणसांकडे. मग तिनं कोपर सोडलं, खुर्ची पुन्हा टेबलाजवळ ओढली आणि तिच्यावर बसली.